ख्रिस्ती घरातला टीव्ही: चार अ‍ॅपची कुलपं आणि तीन साइट्स, बेळगावकडच्या आई-बापांसाठी परीक्षण

आधीच सांगून टाकलेलं बरं: किंमत, चित्राचा दर्जा, कुणाकडे किती सिनेमे, यातलं काही इथे नाही. ते सगळीकडे वाचायला मिळतं. इथे एवढंच तपासलंय की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती घरात सगळ्यांनी मिळून काहीतरी बघायचं ठरलं, तर बटण दाबायच्या आधी आई-बापाच्या हाती नेमकं काय लागतं. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार आणि यूट्यूब या चौघांची कुलपं, आणि सिनेमाबद्दल आधी वाचून घ्यायच्या तीन साइट्स.

आपल्याकडे भाषेचा गुंता जादाचा असतो. आजी मराठीतून बघते, मुलं शाळेत इंग्रजी नाहीतर कन्नड शिकतात, सिनेमा मूळ तेलुगू आणि ऐकायला येतो हिंदीत, आणि घर कॅथलिक असेल तर स्वयंपाकघरात कोकणी चाललेली असते. त्यामुळे 'चांगला आहे म्हणे' एवढ्यावर भागत नाही. सांगणाऱ्याने कुठल्या भाषेतला बघितला, हेही विचारावं लागतं. डबिंगमध्ये शिव्या सौम्य होतात तशा वाढतातही, आणि खालची अक्षरं तिसरंच काही सांगत असतात.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो, 'सर्व गोष्टींची पारख करा; चांगले ते बळकट धरा' (५:२१). हे परीक्षण त्या 'पारख' शब्दावर उभं आहे. पवित्र शास्त्रात दावीद आणि बथशेबेची गोष्ट आहे, शास्ते पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आहे. पडद्यावर जसंच्या तसं आणलं तर दोन्हींना 'ए' मिळेल. पण २ शमुवेल ११ च्या शेवटी देवाला ती गोष्ट वाईट वाटली हे स्पष्ट लिहिलंय. पाप दाखवलंय, मिरवलेलं नाही. अ‍ॅपची कुलपं काय दाखवलंय ते मोजतात. काय मिरवलंय ते मोजायला त्यांच्याकडे मापच नाही, आणि ख्रिस्ती आई-बापाला खरी गरज त्याचीच असते. एवढं मनात ठेवून पुढचं वाचावं.

सेन्सॉरचा आकडा

सगळी अ‍ॅप याच आकड्यांच्या भाषेत बोलतात, म्हणून आधी हा. यू आणि ए हे जुने शिक्के. यूए १९८३ मध्ये आला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघावा असा. ओटीटीसाठी फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांनी बारीक पायऱ्या आणल्या: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या सगळ्याला पालकांचं कुलूप देणं या नियमांनी कंपन्यांना बंधनकारक केलं. थिएटरच्या सिनेमांना हेच तीन आकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी लागू झाले. त्याआधीच्या सिनेमांवर नुसतं 'यूए' दिसेल. ते सात वर्षांसाठी की सोळा, हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे जुन्या सिनेमाला जास्त तपासावं लागतं. 'जुना आहे, म्हणजे सोज्वळ असणार' हा समज तर सोडूनच द्यावा.

आकड्याइतकीच त्याखालची बारीक ओळ महत्त्वाची. कार्यक्रम सुरू होताना काही सेकंद कोपऱ्यात आकडा आणि कारण येतं: हिंसा, भाषा, लैंगिक दृश्यं, तंबाखू, भीती. दोन सिनेमांना सारखंच १६+ असतं. एकाला तलवारीमुळे, दुसऱ्याला शिव्यांमुळे. कुठलं आपल्या घरात चालेल हे घराघरांत वेगळं ठरतं. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात सुरू केलेलं काम पुढे मेथॉडिस्टांकडे आलं, आणि मेथॉडिस्ट परंपरेत दारूबंदीचा आग्रह जुना आहे. तिथे पडद्यावरची बाटली खटकते. कॅथलिक घरात सणाला वाइनचा ग्लास असतो, तिथे तेच दृश्य कुणाच्या लक्षातही येत नाही. आकडा दोघांनाही सारखाच.

थिएटरबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'ए' सिनेमाला अठरा वर्षांखालच्याला सोडायला कायद्याने बंदी आहे. यूएचे आकडे मात्र पालकांनी विचारात घ्यायचे असतात, पालकांखेरीज दुसऱ्या कुणी ते लागू करायचे नाहीत, असं कायद्यातच म्हटलंय. म्हणजे मल्टिप्लेक्सच्या दारावर १६+ च्या खेळाला आठ वर्षांचं पोर आई-बापाबरोबर आलं तर त्याला कुणी परत पाठवणार नाही. आत सोडलं यावरून 'चालतं' असा अर्थ काढला की फसगत होते.

नेटफ्लिक्स: कुलूप सगळ्यात चांगलं

चौघांत यालाच वरचा नंबर. प्रत्येक प्रोफाइलला वेगळी वयाची मर्यादा लावता येते, नाव टाकून एखादा सिनेमा त्या प्रोफाइलमधून गायब करता येतो, आणि प्रोफाइलला चार आकडी पिन लावता येतो. हे सगळं टीव्हीवर शोधत बसू नये. मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये अकाउंट उघडावं, मुलाचं प्रोफाइल निवडावं, पॅरेंटल कंट्रोल्समध्ये जाऊन पासवर्ड टाकावा. दहा मिनिटांचं काम आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीला. मुलाच्या प्रोफाइलवर मर्यादा लावली जाते आणि मोठ्यांचं प्रोफाइल तसंच उघडं राहतं. रिमोटचं एक बटण दाबलं की पोर बाबांच्या प्रोफाइलमध्ये. पिन मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला हवा, आजीच्याही. नवीन प्रोफाइल काढायलाही पिन मागायची सोय तिथेच आहे, ती चालू करावी. नाहीतर बारा वर्षांचं मूल स्वतःच्या नावाचं नवं कोरं प्रोफाइल काढतं आणि त्याला कसलीच मर्यादा नसते.

दुसरी बारीक गोष्ट पिन टाकण्याची. टीव्हीवर आकडे बाणाने एकेक निवडावे लागतात. मागे सोफ्यावर बसलेलं पोर पडदा बघतच नसतं, ते रिमोट किती वेळा खाली आणि किती वेळा उजवीकडे गेला ते बघत असतं. दोन शनिवारांत पिन पाठ. थोरल्याचं जन्मवर्ष, घराचा नंबर, ०३१६ (योहान ३:१६ आपल्या घरांत फारच लाडकं) हे पिन म्हणून बाद समजावेत. महिन्यातून एकदा बदलावा.

न मागता सुरू होणारी झलक हा नेटफ्लिक्सचा सगळ्यात त्रासदायक भाग. बोट एका चित्रावर थांबलं की दृश्य सुरू. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ऑटोप्लेच्या दोन खुणा असतात, एक पुढच्या भागाची आणि एक झलकीची, दोन्ही काढाव्यात. बदल लगेच दिसला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत यावं. 'व्ह्यूइंग अ‍ॅक्टिव्हिटी'त काय काय बघितलं त्याची तारखेवार यादी मिळते. ती मुलांना माहीत असू द्यावी. चोरून वाचलेली यादी घरात भांडण लावते.

प्राइम व्हिडिओ: कुलूप आहे, पण कुठल्या दाराला?

इथे मुलांचं प्रोफाइल बारा वर्षांपर्यंतचंच दाखवतं आणि शोधतानाही तेवढंच पुढे आणतं. लहानांसाठी ते पुरेसं आहे. मोठ्या मुलांसाठी पॅरेंटल कंट्रोल्समध्ये पिन ठेवून वयाची मर्यादा लावायची. पण तिथेच खाली ही मर्यादा कुठल्या उपकरणांवर चालवायची त्याची यादी येते, आणि खाली सरकवून तिथपर्यंत फार कमी लोक जातात. खूण फोनपुढे राहिली आणि टीव्हीपुढे नाही, तर टीव्हीवर मर्यादा लागतच नाही. लावून झाल्यावर टीव्हीसमोर उभं राहून १६+ चं काहीतरी मुद्दाम सुरू करून बघावं. पिन मागितला तरच काम झालं समजावं. खरेदीसाठीचं वेगळं कुलूपही लावावं, कारण भाड्याचे सिनेमे फुकटच्या शेजारीच मांडलेले असतात आणि मुलाला दोन्हींतला फरक कळत नाही.

जिओहॉटस्टार: क्रिकेटची खिडकी

फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन सेवा एकत्र होऊन हे अ‍ॅप झालं. मुलांचं प्रोफाइल आणि पिन दोन्ही आहेत, काम ठीक करतात. अडचण थेट सामन्यांची. सामना सगळं घर बघतं, म्हणून तो मोठ्यांच्याच प्रोफाइलवर लागतो, आणि दोन षटकांमधल्या जाहिरातींना कसला आकडा नसतो. दारूच्या नावाचा सोडा, गुटख्याच्या नावाची वेलची हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात येतं. यावर तांत्रिक उपाय नाही. षटक संपलं की आवाज बंद, एवढाच. आणि मोठ्या मुलाला 'सोड्याची जाहिरात करायला एवढे पैसे कुठून आले असतील?' असं एकदा विचारून ठेवावं. मुलं स्वतःच हुडकून काढतात.

यूट्यूब: इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा

कारण मुलं सगळ्यात जास्त वेळ इथेच असतात. आणि यूट्यूबवर सेन्सॉरचा आकडाच नाही.

मूळ यूट्यूबमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड असतो. तो प्रत्येक फोनवर, प्रत्येक ब्राउझरवर आणि टीव्हीवर वेगवेगळा चालू करावा लागतो, आणि तरी सगळं गाळत नाही. तो एकटा पुरेसा समजू नये. नऊच्या पुढच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीतलं खातं काढता येतं. त्यात तीन पायऱ्या असतात आणि सगळ्यात खालची नऊ वर्षांपासूनच्या मुलांची. पहिली दोन वर्षं तिथेच ठेवावं.

लहानांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं अ‍ॅप. वयाचे तीन गट आहेत: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. चौथा मार्ग म्हणजे 'फक्त मी मंजूर केलेलंच'. आमची शिफारस याच चौथ्याला. यात शोधायची सोय बंद होते आणि तुम्ही निवडलेले व्हिडिओ किंवा चॅनेलच दिसतात. एका रविवारी दुपारी तास-दीड तास बसून दहा-बारा चॅनेल निवडले की बरेच महिने बघावं लागत नाही. चॅनेल मंजूर करताना मात्र एक लक्षात ठेवावं: आख्खं चॅनेल दिलं म्हणजे त्यावर उद्या येणाराही माल दिला. ओळखीचं नसेल तर एकेक व्हिडिओच द्यावा.

या अ‍ॅपच्या सेटिंगला जे कुलूप असतं ते बघून हसावं की रडावं कळत नाही. सुरुवातीला ते एक गुणाकार विचारतं. सात आठे किती? चौथीतलं पोर, त्यातही आपल्याकडचं पाढे घोकलेलं, छप्पन्न टाकून आत जातं, टाइमर बंद करतं आणि परत येऊन साळसूदपणे बसतं. आईने हाक मारली, 'काय बघूलालास रे?' तर पडद्यावर नोहाचं तारू. गुणाकाराऐवजी स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवायची सोय त्याच पडद्यावर आहे. ती आधी करावी, बाकीचं नंतर.

टीव्हीवर यूट्यूब बहुतेक घरांत बाबांच्या खात्यावर चालू असतं. म्हणजे बाबांनी रात्री जे बघितलं त्याच्या शिफारशी सकाळी मुलांसमोर येतात. ही तक्रार अ‍ॅपची म्हणता येणार नाही.

कुठल्याही कुलपाला न दिसणारं

जुन्या हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस आठवून बघा. गळ्यात क्रूस, हातात बाटली, मोडकी हिंदी. क्लबात नाचणारी बाई असली की तिचं नाव रोझी किंवा लिली. स्मगलरच्या टोळीत एक तरी मायकल. आणि उरलाच कुणी तर पांढऱ्या झग्यातला म्हातारा फादर, जो दोन वाक्यं बोलून पोराला आशीर्वाद देतो. यातल्या कितीतरी सिनेमांना 'यू' आहे. कुठलंही अ‍ॅप ते सात वर्षांच्या मुलापुढे बिनदिक्कत ठेवतं, कारण त्यात रक्त नाही, शिवी नाही. पण बेळगावच्या कॅम्पातलं किंवा नंदगडचं ख्रिस्ती मूल ते बघतं तेव्हा त्याला स्वतःबद्दल काहीतरी शिकवलं जातं, आणि शेजारच्या मित्रालाही त्याच्याबद्दल तेच. असा सिनेमा बंद करायची गरज नाही. मध्येच थांबवून एकच विचारावं: आपल्या मंडळीत असं कोण आहे? मुलं नावं घ्यायला लागतात: शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, रेल्वेतले काका, शब्बाथ शाळेच्या आंटी. बाटलीवाला मायकल त्या यादीत सापडत नाही, आणि ते मुलांचं त्यांनाच कळतं.

भुताखेतांच्या सिनेमात दुसरी गंमत. शेवटी क्रूस उगारला जातो, पाद्री काहीतरी पुटपुटतो, भूत पळतं. 'शेवटी प्रभूचाच विजय दाखवलाय' म्हणून काही घरांत हे चालवून घेतात. हिशेब मांडून बघावा: पावणेदोन तास भूत ताकदवान आणि पाच मिनिटं क्रूस, तोही मंत्रासारखा. मार्क ५ मधली अशुद्ध आत्म्यांच्या 'सैन्याने' ग्रासलेल्या माणसाची गोष्ट वीस वचनांत संपते आणि त्यात येशू नुसती आज्ञा देतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात. सात वर्षांच्याला भूतपट दाखवूच नये. त्याच्या मनात पाच मिनिटं राहत नाहीत, पावणेदोन तास राहतात.

पौराणिक मालिकांचा प्रश्न आपल्या भागात टाळताच येत नाही. शाळेतले मित्र त्याच बोलतात, शेजारी त्याच लागतात. इथे कडक नियमापेक्षा १ करिंथ ८ जास्त उपयोगी पडतं. मूर्ती काहीच नाही हे ठाऊक असलेल्याने आपल्या मोकळिकीमुळे दुबळ्याला ठेच लागू नये हे बघावं, असा तिथला मुद्दा. घरात ठेच कुणाला लागणार? तिसऱ्या पिढीतल्या नातवाला ती एक गोष्ट असते, तलवारी आणि राक्षसांची. पण स्वतः तो मार्ग सोडून मंडळीत आलेली आजी खोलीत बसलेली असेल तर तिच्यासाठी ती गोष्ट नसते. खोलीतल्या सगळ्यात हळव्या माणसाकडे बघून ठरवावं, सगळ्यात लहानाकडे बघून नव्हे. आणि बंद करायचं ठरलं तरी शेजारच्या मुलांसमोर त्याची टिंगल नको. शेजार आयुष्यभराचा असतो.

आधी वाचायच्या तीन साइट्स

आयएमडीबीचं 'पॅरेंट्स गाइड' आपल्या सिनेमांसाठी सगळ्यात कामाचं. हिंदी, तेलुगू, कन्नड आणि बऱ्याच मराठी सिनेमांच्या नोंदी सापडतात. पाच खाने असतात: लैंगिक दृश्यं, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट, भीती; आणि प्रत्येकाला लोकांच्या मतांवरून 'काहीच नाही' पासून 'तीव्र' पर्यंत दर्जा. लोक लिहितात म्हणून भरवसा कमी-जास्त होतो. चार-पाचच मतं पडली असतील तर दर्जा सोडून द्यावा आणि खालचं वर्णन वाचावं. 'एक माणूस दुसऱ्याला चाकूने मारतो, रक्त दिसतं' असं एक वाक्य दर्ज्यापेक्षा जास्त सांगतं. नवीन सिनेमाचं पान पहिल्या आठवड्यात बहुधा रिकामं असतं. दहा दिवस थांबावं.

'प्लग्ड इन' ही अमेरिकेतल्या 'फोकस ऑन द फॅमिली' या ख्रिस्ती संस्थेची साइट. इंग्रजी सिनेमे आणि कार्टूनपट यासाठी हिला तोड नाही, कारण यात 'आध्यात्मिक गोष्टी' हा वेगळा भाग असतो: प्रार्थना कुठे, जादूटोणा कुठे, मेल्यानंतरचं काय सांगितलंय. शिवाय चांगल्या गोष्टींचाही भाग असतो, आणि मिरवणं-दाखवणं हा फरक तिथे थोडाफार हाती लागतो. उणं एवढंच की भारतीय सिनेमे जवळजवळ नाहीत, आणि नजर अमेरिकन आहे. मंत्र आणि छडी तिला चटकन दिसते. जातीवरचा टोमणा, हुंड्याचा विनोद, काळ्या रंगावरची थट्टा दिसत नाही. इंग्रजी जड जात असेल तर क्रोममध्ये पान मराठीत करून वाचता येतं. भाषा ओबडधोबड होते पण अर्थ कळतो.

'कॉमन सेन्स मीडिया' ख्रिस्ती नाही, २००३ पासूनची ना-नफा संस्था आहे. ती वय सुचवते आणि खाली घरात बोलायला प्रश्न देते. प्रश्न चांगले असतात. हिंदीतले काही मोठे सिनेमे मिळतात, मराठी-कन्नड विसरा.

म्हणजे मराठी आणि कन्नड सिनेमासाठी, तेही ख्रिस्ती नजरेने लिहिलेलं, असं हातात काहीच उरत नाही. मंडळीच्या तरुण संघाने मनावर घेतलं तर ही पोकळी भरता येईल. एका सिनेमाला आठ ओळी पुरतात: आकडा, कारण, कुठल्या भाषेत बघितला, कुठल्या मिनिटाला काय, आणि शेवटी कोण जिंकतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मावेल एवढंच.

चाळीस मिनिटांची चाचणी

तोपर्यंत घरच्या घरी ही पद्धत वापरावी. मुलं झोपल्यावर फोनवर सिनेमाची पहिली पंधरा मिनिटं, मधली दहा आणि शेवटची पंधरा बघायची. पहिल्या पंधरात नायकाची ओळख असते: तो बाईशी कसा वागतो, गरिबाशी कसा बोलतो. मधल्या दहात हिंसेची आणि विनोदाची जात कळते. शेवट सगळ्यात महत्त्वाचा, कारण कशाचं बक्षीस मिळालं ते तिथेच ठरतं. अर्धा सिनेमा नायिकेचा पाठलाग करणाऱ्याला शेवटी तीच बायको म्हणून मिळत असेल, तर १३+ असो की यू, घरात त्यावर बोलणं आलंच.

सगळे मिळून बघताना दोनदाच थांबवायचं, जास्त नाही. दर पाच मिनिटांनी उपदेश सुरू झाला की मुलं पुढच्या शनिवारी आपल्याबरोबर बसतच नाहीत, कानात इअरफोन घालून कोपऱ्यात जातात. विचारायचे प्रश्नही साधे: कोण जिंकला आणि कशाच्या जोरावर? आपल्याला कुणावर हसायला लावलं? चुकीची किंमत कुणी मोजली? उत्तर चुकलं तरी दुरुस्त करायची घाई नको. नको ते दृश्य अचानक आलंच तर रिमोटसाठी झडप घालू नये. झडप घातली की ते दृश्य मुलाच्या कायमचं लक्षात राहतं. शांतपणे पुढे सरकवावं आणि का सरकवलं ते एका वाक्यात सांगावं.

फिलिप्पै ४:८ मधली यादी, सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, पुष्कळ घरांत नुसती चाळणी म्हणून वापरली जाते: यात बसत नाही, काढून टाका. पण ते वचन 'मनन करा' असं संपतं. सिनेमा संपल्यावर यातलं काय सापडलं ते मुलांना शोधायला सांगावं. मारामारीच्या सिनेमातही एखादा मित्र आपली भाकर वाटून खाताना सापडतो.

शिवकालीन सिनेमा लागला की इथल्या गल्ल्यागल्ल्यांतून ग्रुप बुकिंग होतं, आणि मराठी ख्रिस्ती घरांनी बाजूला राहावं असं त्यात काही नाही. तो इतिहास आपलाही आहे. बघायचं ते हिंसेचं. छळाची आणि युद्धाची दृश्यं अलीकडे मोठ्या आवाजात आणि लांबलचक असतात, बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासात. दहाच्या खालच्या मुलाला नेलंच तर दाराजवळची सीट घ्यावी आणि मध्यंतरातच ठरवावं की कोण त्याला घेऊन बाहेर जाणार. थिएटरात पुढे सरकवायचं बटण नसतं.

आपल्यांच्या सिनेमांनाही हीच फूटपट्टी

बायबलवरचं म्हणून डोळे झाकून लावलं जातं आणि तिथेच जास्त चुका निसटतात. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा 'जीझस' हा सिनेमा त्याच्या स्वतःच्या 'जीझस फिल्म' अ‍ॅपवर फुकट आहे, मराठी, कन्नड आणि कोकणी तिन्हींत. तीन भाषांच्या घराला याहून सोयीचं काही नाही. वधस्तंभाचं दृश्य लहानांना जड जातं, त्यांच्यासाठी मुलांची वेगळी, सुमारे तासाभराची आवृत्ती आहे. आजीसाठी मराठी, नातवंडांसाठी कन्नड असं आलटून पालटून दोन शनिवारी लावता येतं.

यूट्यूबवरची बायबलच्या गोष्टींची कार्टूनं मात्र एकेक तपासूनच मंजूर करावीत, हल्ली संगणकाकडून झटपट करवून घेतलेली तर नक्कीच. तारणाऱ्याच्या जन्माच्या गोष्टीत हटकून तीन राजे उंटांवरून गोठ्यात येतात. मत्तय २ मध्ये ते मागी लोक आहेत, किती होते ते लिहिलेलं नाही, उंटांचा उल्लेख नाही आणि ते घरात जातात. नोहाच्या तारवात सगळे प्राणी जोडीजोडीने चढतात. उत्पत्ती ७ मध्ये शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या सांगितल्या आहेत. असं कार्टून लावताना आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडून द्यावं, हातात पेन्सिल द्यावी आणि जिथे फरक दिसेल तिथे टीव्ही थांबवायचं काम त्याच्याकडे द्यावं. त्या दिवशी रिमोटही त्याच्याकडेच.